जर्स्या पिवळ्या कशा झाल्या

क्लबच्या बैठ्या घराचं दार अजूनही खांद्यानं ढकलावं लागतं. फुगलेलं लाकूड फरशीवर घासल्याचा तोच आवाज, आणि मागोमाग तो वास: ओले मोजे, बुटांचं मेण, करपलेली कॉफी आणि भिंतीआड पिढ्यानपिढ्या नांदणारे उंदीर. वीस-बावीस वर्षांनी आले होते मी. दारातच थांबले. मी त्या वासाला ओळखलं की त्या वासानं मला, हे काही सांगता येणार नाही. हल्ली मला बऱ्याच गोष्टी सांगता येत नाहीत.

आत सिल्के खोकी भरत होती. सिल्के म्हणजे आमची तेव्हाची गोलकीपर आणि आताची क्लबची सेक्रेटरी. एर्लांगेन या जर्मन शहराहून बसनं वीस मिनिटांवर हे गाव, आणि गावाच्या टोकाला हा बायकांचा फुटबॉल क्लब. आता खेळायला मुली पुरत नाहीत. अकरा जणी जमवताना सिल्केच्या नाकी नऊ येतात म्हणे. पुढच्या मोसमापासून क्लब शहरातल्या मोठ्या क्लबात विलीन होणार, आणि त्यांचा रंग निळा. म्हणजे आमचा पिवळा संपला. त्याआधी एक निरोपाची पुस्तिका काढायची, क्लबचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास त्यात घालायचा, आणि सोमवारी सकाळी ती छापायला द्यायची, असं ठरलं होतं. आज शनिवार होता.

"आल्झो, तर मग एक पान तुझं," सिल्के म्हणाली. "आपला रंग पिवळा का, ते तू लिही. तू लिहिणारी आहेस."

मी उंटरश्लाइसहाइमला एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. सिल्के त्याला लिहिणं समजते.

"त्यात लिहायचंय काय?" मी म्हटलं. "माझ्या आईनं केला पिवळा."

"काय केलं?"

"जर्स्या. हळदीनं. आठवत नाही तुला?"

सिल्के मनापासून हसली. "नाइन! नाही ग! तो पिवळा राप्सचा. शेतांचा. हेल्गानं निवडला होता. सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. ती थट्टा करत नव्हती. तिनं कपाटातून मागच्या कुठल्याशा समारंभाचं चोपडं काढलं आणि बोट ठेवून दाखवलं: आमचा पिवळा हा आमच्या गावच्या राप्सच्या शेतांचा पिवळा आहे. राप्स म्हणजे मोहरीच्या कुळातलं तेलाचं पीक. एप्रिलच्या शेवटी फुलतं, आणि मग मैदानाच्या तिन्ही बाजूंना इतका पिवळा होतो की डोळे मिटले तरी तो आत राहतो. तो मलाही आठवतो. पण मला आईसुद्धा आठवते, वॉशिंग मशिनसमोर उकिडवी बसलेली.

आम्ही आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाबा एर्लांगेनला इंजिनिअर म्हणून तीन वर्षांसाठी आले होते. 'तीन वर्षांसाठी' हे आमच्या घराचं आडनावच झालं होतं. तीन वर्षांसाठी कपाट कशाला, तीन वर्षांसाठी पडदे कशाला, भिंतीला खिळा कशाला. कपडे सुटकेसमध्ये आणि सुटकेस पलंगाखाली. मी फुटबॉल कशी खेळायला लागले ते मला आठवत नाही. एके दिवशी मी खेळत होते, एवढंच.

त्या मैदानावर प्रत्येक ऋतूचा वेगळा आवाज होता. पानगळीत धुकं इतकं उतरायचं की चेंडू आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. थंडीत आम्ही शाळेच्या हॉलमध्ये खेळायचो, तिथे रबरी तळव्यांची किरकिर आणि गरम धुळीचा वास. मार्चमध्ये पहिल्यांदा गवत कापलं जाई, आणि त्या ओल्या हिरव्या वासानं मला काहीही कारण नसताना रडू यायचं. उन्हाळ्यात चुन्याच्या रेघा मारायचं गाडं फिरायचं. रेघ मला नेहमी वाकडी दिसायची, पण हेल्गाला ती सरळच वाटायची, आणि हेल्गाला वाटलं की संपलं.

हेल्गा आमची ट्रेनर. तेव्हा पन्नाशीची असेल. आखूड केस, बुटाच्या नाडीत ओवलेली शिट्टी, आणि मैदानाच्या एका टोकाहून बोलली की दुसऱ्या टोकाला सायकलवाला थांबायचा असा आवाज. आम्ही सगळ्या तिला नुसतं हेल्गा म्हणायचो. आईला हे कधी झेपलं नाही. "शोभतं का ग? आपल्या आईच्या वयाची बाई," असं म्हणून ती स्वतः हेल्गाबाई म्हणायची, तेसुद्धा घरातच, कारण बाहेर आई हेल्गाशी कधी बोललीच नाही. आईचं जर्मन सुपरमार्केटपुरतं होतं. मला सोडायला आली की ती कुंपणापाशी उभी राहायची, कोटाच्या आत साडी, हातात माझी वॉटरबॅग.

खेळ संपला की बाकावर बसून आम्ही लाल फळांचा चहा प्यायचो. भयंकर आंबट. आणि हेल्गा जुन्या गोष्टी सांगायची. ती तरुण होती तेव्हा बायकांना फुटबॉलचं मैदान द्यायचंच नाही असा नियम होता. मग गावातल्या सात-आठ जणी बटाटे काढून झालेल्या शेतात खेळायच्या. गावचे पुरुष खुर्च्या घेऊन हसायला यायचे. पुढे नियम उठला, तरी बायकांनी खिळ्यांचे बूट घालायचे नाहीत, चेंडू लहान घ्यायचा आणि वेळ कमी खेळायचा. "आम्ही वाफेनं चालत असू आणि गरम होऊन फुटू असं वाटलं असावं त्यांना," हेल्गा म्हणायची. परवानगी मिळाली त्या उन्हाळ्यात त्यांनी पांढऱ्या सुती जर्स्या घेतल्या आणि पाठीवरचे आकडे काळ्या कापडातून कापून हातानं शिवले. सहा नंबर हेल्गाचा.

त्याच जर्स्या पुढे आमच्या अंगावर आल्या. मुलींचा संघ नवीन निघाला होता, आणि नवीन संघाला जुने कपडे हा नियम इथेही होताच. माझ्या पाठीवर चौदा होता. पोहून आल्यावर गुंडाळायचा टॉवेल वाटावा इतकी मोठी जर्सी, कोपराखाली बाह्या. पण तो चौदा कुणीतरी बसून टाक्या-टाक्यानं शिवला होता, हे मला पाठीवर कळायचं.

आणि त्या जर्स्या धुण्याची पाळी असायची. अजूनही असते, सिल्के सांगते. सामना झाला की पंधरा घामट, चिखलानं माखलेल्या जर्स्या एका मोठ्या निळ्या पिशवीत कोंबायच्या, आणि ती पिशवी दर आठवड्याला एकेका खेळाडूच्या घरी जायची. दाराजवळ यादी लावलेली असे. डॉक्टरची मुलगी असो की शेतकऱ्याची, पाळी चुकायची नाही. त्या यादीत आमचं आडनाव आलं त्या दिवशी आई ते बघायला आतपर्यंत आली. "आपल्याला विचारलं हो त्यांनी," असं तिनं घरी आल्यावर बाबांना सांगितलं. विचारलं नव्हतं कुणी, नुसतं लिहिलं होतं. पण आईच्या आवाजात असं काही होतं की मी गप्प बसले.

चैत्र होता. आईनं पाचसहा मराठी बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पैठणी पसरून पायऱ्या केल्या होत्या, वर पितळी अन्नपूर्णा. कैऱ्या मिळाल्या नाहीत म्हणून आईनं रुबार्बचे आंबट लाल देठ किसून त्याची डाळ केली आणि त्याचंच पन्हं. वेलदोड्याचा वास होता, ओले हरभरे होते, घरभर पुणं होतं. कुणाच्या तरी पदरानं हळदीची वाटी लवंडली. हसाहशी झाली. आईनं जुन्या पंच्यानं हळद टिपली, पंचा गोळा करून धुण्याच्या टोपलीत टाकला, आणि कुंकवाचं बोट पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं टोपली मशिनमध्ये रिकामी केली, त्यावर निळी पिशवी. साठ डिग्री, म्हणजे चिखल राहायला नको.

मी मशिनसमोर बसून दूध पीत होते. मला ते गोल काचेचं दार फार आवडायचं. थोड्या वेळानं काचेमागचा फेस गुलाबी झाला, मग लाल. हळद साबणात लाल होते हे मला तेव्हा कुठे माहीत! मला वाटलं, कुणाला तरी लागलंय. मी आईला हाक मारली. आई आली, काचेसमोर उकिडवी बसली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मशिन मधेच थांबत नव्हतं. आम्ही दोघी त्याचा तो सगळा वेळ तिथेच बसून होतो.

बाहेर निघालं ते पिवळं. नवरीच्या साडीसारखं भरघोस पिवळं. पंधराच्या पंधरा.

हळदीचा डाग उन्हात उडतो हे कुठल्याही मराठी घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ऊन होतं कुठे? सोमवारी पाऊस, मंगळवारी पाऊस, बुधवारी गारा. आई दर तासाला बाल्कनीत जाऊन आभाळाकडे बघायची. "अहो, काहीतरी करा ना!" बाबांनी इंजिनिअरच्या पद्धतीनं विचार केला, ऑफिसातून कसलासा मोठा दिवा आणला, जेवणाच्या टेबलावर जर्स्या पसरल्या आणि त्यांच्यावर दिवा सोडला. दोन दिवस आम्ही जमिनीवर बसून जेवलो. आकड्यांचं काळं कापड तेवढं तापलं. पिवळा जसाच्या तसा. आई जेवेना. पहिल्या बायकांनी हातानं शिवलेल्या जर्स्या, आणि त्या आपण, तीन वर्षांसाठी आलेल्या माणसांनी, घालवल्या. असं तिनं बोलून दाखवलं नाही. पण मला ते कळलं, आणि त्या आठवड्यात मला पहिल्यांदा आपल्या आईची लाज वाटली. हे लिहिताना आजही हात जड होतो.

शनिवारी हेल्गानं पिशवी उघडली. तिनं एक जर्सी वर धरली, उलटी केली, सुलटी केली, नाकाशी नेली. मग म्हणाली, "पिवळा. छान. निदान दिसाल तरी." आणि आम्ही बाहेर पळालो, तिन्ही बाजूंना राप्स फुललेला, त्यात आम्ही अकरा पिवळ्या, आणि आम्ही जिंकलो.

हे सगळं मी सिल्केला सांगितलं. तिनं खोकं बाजूला ठेवून ऐकलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर, तो सामना मला आठवतो," ती म्हणाली. "पण आपण हरलो. शून्य-चार. चारही माझ्या अंगावरून गेले, मी विसरेन का?"

"आणि जर्स्या?"

"जर्स्या..." ती अडखळली. "जर्स्यांचं मला नाही आठवत. चार गोल आठवतात."

भिंतीवर त्या वर्षीचा फोटो होता. तो काढून आम्ही खिडकीशी नेला. फोटोत सगळंच पिवळट: जर्स्या, आमचे दात, आभाळसुद्धा. जुन्या फोटोचं हे असंच होतं. मग सिल्केनं पत्र्याची पेटी उघडली. तळाशी, टिश्यू पेपरात, सहा नंबरची जर्सी. मी ती हातात घेतली. तिचा रंग पांढरा नव्हता आणि पिवळाही नव्हता. कुठल्याही जुन्या सुती कापडाचा असतो तसा होता. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मी ती खिडकीत धरली, दिव्याखाली धरली, दारात नेली. प्रत्येक ठिकाणी ती वेगळी दिसली. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

मग माझ्या लक्षात आलं. आकड्याच्या कापडाखाली ऊन कधी पोचलंच नसणार. हळद असेल तर तिथे असेल. मी सहाच्या कडेशी नखानं चाचपत होते, तेवढ्यात सिल्केनं छोटी कात्री पुढे केली. "दोन टाके काढ. काय व्हायचंय?"

बारीक, थोडे तिरके टाके होते ते. हेल्गाचे, हातानं घातलेले. मी कात्री घेतली आणि परत दिली. टाक्यांची दया आली असं मी सिल्केला सांगितलं, आणि ते थोडंफार खरंही आहे. पण खरं म्हणजे मी घाबरले. खाली पांढरंच निघालं असतं तर?

कारण मी काही मोठी खेळाडू नव्हते. उजव्या बाजूला बचाव, आणि बहुतेक वेळा राखीव बाकावर. एक गोल मारल्याचं मला आठवतं, पण त्या दिवसापासून माझ्या आठवणींवर माझा भरवसा उरलेला नाही. आमच्या घराचं या क्लबच्या इतिहासात काही असेल तर हे एवढंच: तुमचा रंग आमच्या घरून आला. पिवळा आईचा असेल तर आम्ही इथले. पिवळा राप्सचा असेल तर आम्ही पाहुणे, तीन वर्षांसाठी आलेले, बत्तीस वर्षं राहिलेले. हा एवढा हिशेब मी इतकी वर्षं कुणाला न सांगता मनाशी धरून होते, हे मलाच त्या दिवशी कळलं.

सहा नंबरची जर्सी आणि पुस्तिकेची कच्ची प्रत घेऊन मी संध्याकाळच्या गाडीनं घरी आले. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. ती शेंगा सोलत बसली होती.

"आई, क्लबच्या जर्स्या तू पिवळ्या केल्या होत्यास ना?"

"कुठल्या जर्स्या?"

"हळदीच्या. मी दहा-अकरा वर्षांची असताना."

आईनं कानांवर हात ठेवले. "काहीतरीच! चैत्रगौरीच्या दिवशी मी मशीन लावेन का?"

"दुसऱ्या दिवशी लावलंस."

"आणि समजा लागलीच असेल थोडी, तर हळद उन्हात उडते. बाल्कनीत दोन दिवस टाकल्या की झाल्या पांढऱ्या. कुणाला कळलंपण नसेल."

"म्हणजे लागली होती!"

"समजा म्हटलं मी."

"आणि ऊन कुठे होतं त्या आठवड्यात? गारा पडत होत्या. बाबांनी दिवा आणला होता."

"दिवा तुझ्या प्रोजेक्टसाठी आणला होता. झाडावर उजेडाचा परिणाम. तू मटकी पेरली होतीस." तिनं शेंग मोडली. "ते ब्राउनसाहेब होते ना खालच्या मजल्यावर, त्यांनी तक्रार केली होती, रात्रभर उजेड असतो म्हणून."

मटकी मी पेरली होती, हेही मला एकदम आठवलं. पांढरे कोंब, कापसाचा ओला वास, आणि वर दिवा. मग टेबलावर जर्स्या होत्या की मटकी? दोन्ही होतं? मी तिच्यासमोर खुर्चीत बसून राहिले.

"पण तुला कशाला पाहिजे हे सगळं?" आईनं विचारलं.

"पुस्तिकेत घालायचंय. तुझं नाव घालून."

"नको हं!" आईचा हात थांबला. "लोक काय म्हणतील? बाईला चार कपडे धड धुता येत नव्हते म्हणतील. मुळीच घालायचं नाही."

"बरं. उद्या हेल्गाला भेटायला जातेय, वृद्धाश्रमात. तिलाच विचारते, रंग कुठून आला ते."

शेंगा संपल्या, टरफलं कागदात बांधून झाली.

"किती वाजताची गाडी?" ती म्हणाली. "मी पण येते."

हेल्गाचा वृद्धाश्रम गावाबाहेर आहे, बागेकडे तोंड करून. आत फरशी पुसायच्या औषधाचा आणि उकडलेल्या गाजरांचा वास. सिल्केनं मला आधीच सांगून ठेवलं होतं की हेल्गाला कधी आठवतं, कधी नाही, आणि नसलं आठवत तरी ती तसं दाखवत नाही. ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. केस अजून आखूड. आवाज मात्र कुणीतरी काढून घेतल्यासारखा लहान झाला होता. आईनं आज कोटाच्या आत ठेवणीतली साडी नेसली होती. ती माझ्यामागे उभी राहिली.

हेल्गानं माझ्याकडे बघितलं. "तू सिल्के."

"नाही, मी..." मी नाव सांगितलं.

"गेनाऊ. कुठल्या जागी खेळायचीस?"

"उजवीकडे, बचावाला. बहुतेक बाकावरच."

"बाकावर बसणंही जमावं लागतं," ती म्हणाली, आणि मला बरं वाटलं.

मी सहा नंबरची जर्सी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ती ओळखली असावी. आकड्याच्या कडेवरून तिचं बोट सावकाश फिरलं, एकेका टाक्यावरून, आणि परत उलटं. मग मी विचारलं, "हेल्गा, आपण पिवळ्या कशामुळे?"

"आपण पिवळ्याच होतो."

"पण आधी पांढऱ्या होतो ना? ही जर्सी पांढरी होती."

"पांढऱ्या कधीच नव्हतो."

"तो राप्सच्या शेतांचा पिवळा का?"

"या, राप्स," ती म्हणाली. 'या' म्हणजे जर्मनमध्ये हो.

"की हळद? एक मसाला असतो, धुताना लागला होता..."

"या, तेही," असं म्हणून ती माझ्याकडे बघून प्रेमळ हसली. मी काहीही विचारलं असतं तरी ती 'या'च म्हणाली असती. मग मी विचारणं सोडून दिलं. खिडकीबाहेर एक माळी गवत कापत होता, वास आत येत होता, आणि मला रडू येईलसं वाटलं. राप्स लिहावं आणि मोकळं व्हावं. सोमवार उद्यावर आला होता. खरं काय ते आता कुणाकडेच उरलं नव्हतं.

हेल्गानं मान वळवली. माझ्यामागच्या साडीकडे, मग चेहऱ्याकडे तिनं निरखून पाहिलं.

"आणि तू? तू कुठल्या जागी?"

"ही माझी आई," मी घाईनं म्हटलं, "ही खेळायची नाही..."

आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी थांबले. ती पुढे आली, हेल्गाच्या समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसली, आणि तिनं जर्सीची बाही दोन बोटांत धरली.

"इश," आई जर्मनमध्ये म्हणाली. मी. "इश हाबे गेवाशन." मी धुतलं. मग तिनं बाही हेल्गासमोर थोडी उचलली. "आलेस गेल्ब. इश." सगळं पिवळं. मी.

बत्तीस वर्षांत हेल्गाशी ती पहिल्यांदा बोलली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिनं बाही सोडली नाही.

हेल्गा तिच्याकडे बघत राहिली. तिला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. मग तिनं माझ्या हातातली पुस्तिकेची कच्ची प्रत ओढून घेतली. उघडली ते पान आमच्या संघाच्या यादीचं होतं. तिचं बोट गोलकीपरपासून खाली उतरलं, राखीव खेळाडूंपर्यंत गेलं, परत वर जाऊन पुन्हा उतरलं. तिनं मान वर केली, आणि इतका वेळ हरवलेला तो आवाज खोलीभर घुमला.

"मग ही कुठे आहे यात?"

दारातून जाणारी नर्स थांबली.

"काय म्हणतायत त्या?" आईनं मला विचारलं.

"तुझं नाव विचारतायत. यादीत नाही म्हणून रागावल्यात."

या देशात आईनं सगळीकडे आडनावच सांगितलं होतं. ऑफिसांत, दवाखान्यात, शाळेत, दाराच्या घंटीवर. ती पाठ ताठ करून बसली.

"सुलभा," ती म्हणाली.

मी पेन काढलं आणि यादीच्या शेवटी लिहिलं. माझी अक्षरं वेडीवाकडी आली. हेल्गानं वाकून ती नीट तपासली आणि समाधानानं मान हलवली. मग आईकडे वळली.

"शनिवारी दोन वाजता," ती म्हणाली. "उशीर करायचा नाही."

"या, या," आई म्हणाली. "येते."